नाण्याचा कस

सौदी अरेबियाच्या वायव्य भागात हेग्रा नावाचे, नबातियन नावाच्या अरब लोकांचे प्राचीन नगर होते. वाळूतून सुटे उभे राहिलेले तांबूस खडक आणि त्यांच्या अंगात कोरलेली शंभरावर भव्य थडगी, हे त्याचे आजचे रूप. काही थडग्यांच्या दारांवर लेख आहेत. त्यांतला एक कमकम नावाच्या बाईचा आहे. तिने आणि कुलैबा या तिच्या मुलीने ते थडगे स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी करवून घेतले. साल होते नबातियनांच्या हारितत राजाच्या कारकिर्दीचे नववे, म्हणजे आपल्या इसवी सनाच्या अगदी उंबरठ्यावरचे. लेख पुढे बजावतो की हे थडगे जो विकेल, जो विकत घेईल, जो गहाण टाकेल, जो आतला देह बाहेर काढेल, त्याला देवांचा शाप लागो. नुसत्या शापाने भागत नाही हे त्या मायलेकींना ठाऊक असावे. म्हणून शापापाठोपाठ दंडही कोरला आहे: एक हजार सेला, आणि तेही ‘हारितती’.

सेला म्हणजे चांदीचे नाणे आणि हारितती म्हणजे हारितत राजाच्या नावाचे. पेशवाईत नुसते ‘रुपये’ म्हणून भागत नसे, चांदवडी की अंकुशी हे बघावे लागे, तसेच हे. मरणाच्या दारावर, कायमचे टिकावे म्हणून दगडात कोरलेल्या मजकुरात एक कुटुंब आपल्या राजाच्या नाण्याचे नाव घेते. या जगातून आपण गेल्यावरही हे नाणे चालू असेल, हा विश्वास त्यामागे आहे.

नबातियन चांदीकडे मी ओढला गेलो तो या लेखामुळे. ग्रीक नाण्यांचे सौंदर्य तिच्यात नाही आणि रोमन नाण्यांची सफाईही नाही. चकत्या लहान, ठसा बहुधा एका कडेला सरकलेला, अक्षरे अर्धी चकतीबाहेर गेलेली. तरीही एका बाजूला लांब केसांचा, डोक्यावर पानांची माळ घातलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला पदर घेतलेली राणी पाहिली, की ज्या हातांनी ती हाताळली असतील ते हात डोळ्यांपुढे येतात. धूप आणि गंधरस उंटांवर लादून दक्षिण अरबस्तानातून भूमध्य समुद्राकडे नेणारे व्यापारी, मृत समुद्रातले डांबर विकणारे लोक, त्यांच्या राजधानीच्या, पेट्राच्या खडकात पाण्याचे पाट आणि टाकी खोदणारे कारागीर. अशी नाणी जमवण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. उलट, परक्या आणि विसरल्या गेलेल्या माणसांबद्दल इतकी माया वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे.

पण या छंदाला एक कठीण प्रश्न चिकटलेला आहे, आणि तो टाळून केलेला संग्रह मला पोकळ वाटतो. हे नाणे कुठून आले? कोणत्या गावच्या कोणत्या मातीतून, कशाच्या सोबतीने, कोणी काढले? मला म्हणायचे आहे ते एवढेच: नाण्याचा कस त्याच्या साक्षीवर ठरतो. ज्या नाण्याची जागा पुसली गेली, ते चांदीने कितीही शुद्ध असले तरी हिणकस झाले. आणि जागा पुसण्याच्या कामात विकत घेणाऱ्याचाही हात असतो. हे पटवायचे तर आधी ही नाणी काय सांगतात ते ऐकायला हवे.

नबातियन लोकांकडे चांदी फार लवकर होती. इ. स. पू. ३१२ मध्ये अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याच्या फौजेने त्यांच्या खडकावरच्या आश्रयस्थानावर छापा घातला. इतिहासकार डायोडोरस सांगतो की त्या छाप्यात धूप आणि गंधरसाबरोबर सुमारे ५०० टॅलेंट चांदी लुटली गेली. नबातियनांनी पाठलाग करून त्या फौजेचा जवळजवळ फडशा पाडला आणि लूट परत मिळवली. म्हणजे तेव्हाच त्यांच्याकडे टनावारी चांदी होती. तरीही आपल्या राजाचे नाव घातलेले चांदीचे नाणे पाडायला त्यांना पुढची दोन शतके लागली. तोवर ते दुसऱ्यांच्या नाण्यांवर व्यापार करीत राहिले. श्रीमंती आधी आली आणि स्वतःचे नाणे मागाहून. स्वतःचे नाणे पाडणे म्हणजे ‘आम्ही एक राज्य आहोत’ असे जगाला सांगणे असते, आणि ते सांगावेसे वाटण्याची वेळ उशिरा आली.

ती वेळ दमास्कसमध्ये आली. इ. स. पू. ८४ च्या सुमारास तिसऱ्या हारिततने, ज्याला ग्रीक लोक अरेतस म्हणत, दमास्कस ताब्यात घेतले आणि तिथल्या टांकसाळीत आपली नाणी पाडली. त्यांवरचा लेख ग्रीक, घडण ग्रीक आणि राजाचे बिरुद ‘ग्रीकप्रेमी’. नव्याने हाती आलेल्या शहरात, तिथल्या लोकांना ओळखीच्या वाटणाऱ्या भाषेत बोलणारा हा राजा होता. पुढे ओबोदत राजाच्या काळात चांदीवर नबातियन लिपीतला लेख येतो, आणि चौथ्या हारिततच्या नाण्यांवर बिरुद येते ‘आपल्या प्रजेवर प्रेम करणारा’. हेच बिरुद कमकमच्या थडग्यावरही आहे. ग्रीकप्रेमी ते प्रजाप्रेमी हा प्रवास दोन-तीन पिढ्यांचा आहे. दोन्ही टोकांची नाणी शेजारी ठेवली की एका राज्याने आपला चेहरा कोणाकडे वळवला ते समजते. याच लिपीची वळणे पुढे जुळत जुळत अरबी लिपी घडली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. आज कोट्यवधी लोक ज्या अक्षरांत लिहितात त्यांचे पूर्वज या चकत्यांच्या कडेवर दाटीवाटीने बसलेले आहेत.

राण्यांची साक्ष तर आणखी मोलाची. चौथा हारितत इ. स. पू. ९ ते इ. स. ४० असा जवळजवळ अर्धशतक राज्यावर होता. नाण्यांवर त्याच्याबरोबर आधी हुल्दू राणी दिसते आणि इ. स. १८ च्या सुमारापासून शकीलत. ‘नबातूंची राणी’ असे त्यांच्या नावापुढे कोरलेले असते. त्यांच्या आयुष्याबद्दल ग्रंथांतून फारसे काही मिळत नाही. राजाच्या मागे राणीचे नाव जाते असे आपण सहज म्हणतो. इथे राणीला नाण्याची एक अख्खी बाजू मिळाली आहे. हेग्राला आपल्या नावाने थडगे खोदवून घेणारी कमकम आणि नाण्यावरची हुल्दू या एकाच समाजातल्या बायका होत्या. दोघींची नावे शेजारी ठेवल्यावर त्या समाजातल्या स्त्रीच्या जागेची काही कल्पना येते.

ग्रंथ एक सांगतात आणि नाणी त्यात भर घालतात, याचे आणखी एक उदाहरण म्हणजे सिल्लायस हा मंत्री. जोसेफस आणि स्ट्रॅबो यांच्या लेखनात तो कपटी कारस्थानी म्हणून येतो. ओबोदतच्या मृत्यूनंतर त्याची नजर सिंहासनावर होती, आणि अखेर रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पण त्या धामधुमीच्या काळातल्या काही लहान नाण्यांवरचे एक अक्षर त्याच्या नावाचे आहे, असे नाणकशास्त्रज्ञ मानतात. तसे असेल तर तो निव्वळ बंडखोर नव्हता, काही काळ सत्तेचा उघड वाटेकरी होता. शत्रूंनी लिहिलेल्या इतिहासापुढे ही नाणी आपला जबाब ठेवतात.

आता चांदीच्या शुद्धतेकडे वळू. आधीच्या नबातियन नाण्यांत चांदी चांगली भरते. चौथ्या हारिततच्या काळात ती बरीच घसरते, आणि त्याचा मुलगा मलिकू आणि नातू रब्बेल यांच्या नाण्यांत चांदीपेक्षा तांबेच कितीतरी अधिक असते. ‘चांदीची नबातियन नाणी’ म्हणून आपण जी हाती घेतो त्यांतली पुष्कळशी खरे तर रुपेरी तांब्याची आहेत. आपल्याकडच्या जुन्या सराफाच्या हाती ती पडली असती तर त्याने त्यांवर भरपूर बट्टा घेतला असता. तरीही ती चालत राहिली.

ती कशी चालली याची एक हृद्य साक्ष बबाथाच्या कागदपत्रांत आहे. मृत समुद्राच्या किनारी राहणारी ही ज्यू स्त्री. तिचे ३५ दस्तऐवज १९६१ मध्ये नाहल हेव्हरच्या एका गुहेत यिगाएल यादिन यांना सापडले. त्यांत खरेदीखते आहेत, विवाहपत्र आहे आणि पोरक्या मुलाच्या पालकत्वाचा तंटा आहे. इ. स. १२७ मध्ये तिने आपल्या खजुराच्या बागांची नोंद रोमन अधिकाऱ्यांकडे केली. तिथे कराची रक्कम ‘काळ्या’ नावाच्या नाण्यांत मोजली आहे. ही ‘काळी’ म्हणजे कमअस्सल नबातियन चांदीच असावी, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर नबातियन राज्य रोमच्या हाती जाऊन वीस वर्षे झाल्यावरही ही काळवंडलेली नाणी लोकांच्या हिशेबात होती आणि रोमन सरकारलाही ती चालत होती. लोकांना त्यांचा रंग माहीत होता, त्यांनी नावही रंगावरूनच ठेवले. तरी ती नाकारली नाहीत.

मला इथे नाण्याचे सगळे तत्त्व दिसते. चांदी कमी झाली तरी राजाचे नाव, राणीचे नाव आणि वर्ष यांवर लोकांचा भरवसा होता, म्हणून नाणे टिकले. नाणे म्हणजे धातूवर उमटवलेला शब्द. हा शब्द कोणी, कुठे, केव्हा दिला हे कळते तोवर त्याला किंमत असते. संग्राहकाच्या हातात आलेल्या नाण्यालाही हाच न्याय लावायला हवा. आज त्याने आपल्याला दिलेला शब्द म्हणजे त्याच्या सापडण्याची हकिकत. ती हकिकत गेली की उरतो तो फक्त धातू, आणि तोही बहुतेक तांबेच.

हकिकत जाते म्हणजे नेमके काय जाते, हे दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाशिकजवळचे आहे, आणि ते नबातियनांशी खरोखर जोडलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. तिला आपण ‘पेरिप्लस’ म्हणतो. त्यात तांबड्या समुद्रावरच्या ल्युके कोमे या बंदरातून पेट्राला, नबातियनांचा राजा मलिकस याच्याकडे जाणारी वाट सांगितली आहे. हाच तो तांबे अधिक असलेल्या नाण्यांचा मलिकू. त्याच पुस्तकात पुढे भरुकच्छ येते, कल्याण येते, पैठण आणि तेर येतात, आणि ज्याला बहुतेक इतिहासकार क्षत्रप नहपान मानतात तो राजा येतो. भरुकच्छच्या बाजारात सोन्याचांदीची रोमन नाणी स्थानिक चलनाशी बदलून नफा होतो, हेही लेखक नोंदवतो. एकाच पुस्तकात, एकाच जलमार्गाच्या दोन टोकांवर, चांदी पाडणारे दोन राजे आहेत.

दोघांच्या चांदीचे पुढे जे झाले ते विलक्षण सारखे आहे. इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्रेजनने नबातियन राज्य खालसा केले. पुढे त्याच्या नाण्यांवर अरबस्तान ‘मिळवल्याची’ घोषणा उंटाच्या चित्रासह झळकली. या प्रांतासाठी त्याने चांदीच्या द्रख्मा पाडल्या तेव्हा अनेकदा नव्या चकत्या घेतल्याच नाहीत. रब्बेलच्या नाण्यांवरच आपला ठसा मारला. बारकाईने पाहिले तर सम्राटाच्या चेहऱ्याखाली बुडालेल्या राजाच्या खुणा दिसतात. त्यानंतर इ. स. १३२ ते १३५ च्या रोमविरुद्धच्या बंडात बार कोखबाच्या ज्यू बंडखोरांनी चालू नाण्यांवर आपले ठसे मारले, त्यांत ट्रेजनच्या या अरबी द्रख्माही होत्या. एकाच चकतीवर तीन सत्तांचे घाव बसले असणे सहज शक्य आहे.

आणि इकडे १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा निधी अभ्यासला आणि १९०८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. सातकर्णीने नहपानाला हरवले हे यातून ठरलेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट कळली ती त्या निधीच्या एकत्रपणामुळे. दोघांच्या मध्ये दुसऱ्या कुठल्याही राजाचे नाणे त्यात नव्हते. म्हणजे सातकर्णीचा काळ नहपानाच्या लगेच पाठीमागे लागतो. पश्चिम भारताच्या इतिहासातल्या एका अडलेल्या कालगणनेला या गोष्टीने मोठा आधार दिला.

समजा, तो घडा सापडल्यावर गुपचूप फुटला असता. नाणी दहा-दहा, वीस-वीस अशी सराफांकडे आणि व्यापाऱ्यांकडे गेली असती, आणि काही वितळली असती. उरलेली आज जगभरच्या संग्रहांत असती. प्रत्येक नाण्यावर नहपान दिसला असता आणि सातकर्णीचा ठसाही दिसला असता. पण ‘मध्ये दुसरे कोणी नव्हते’ हे वाक्य कुठल्याच एका नाण्यावर लिहिलेले नाही. ते तेरा हजार नाण्यांनी मिळून उच्चारलेले वाक्य आहे. निधी फुटला की वाक्य फुटते, आणि सुट्या शब्दांतून ते पुन्हा जुळवता येत नाही.

नबातियन नाण्यांची अशी किती वाक्ये फुटली असतील याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही. त्या राज्याची भूमी आज जॉर्डन, सीरिया, सौदी अरेबिया, इस्रायल आणि सिनाई या पाच तुकड्यांत विभागली आहे. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा. जॉर्डनने १९८८ च्या कायद्याने प्राचीन वस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली. इस्रायलमध्ये परवानाधारक विक्रेत्यांना तो करता येतो, मात्र १९७८ च्या कायद्यानंतर सापडलेली वस्तू राज्याची मानली जाते. अशा स्थितीत ‘हे नाणे कुठे सापडले’ या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळदा विक्रीच थांबवू शकते. म्हणून उत्तर न देणेच सोयीचे ठरते. ‘जुन्या संग्रहातले’, ‘लेव्हांटमधले’ अशी गोल शब्दांची चादर त्यावर ओढली जाते. जे नाणे बोलके असते त्याला अडथळे येतात आणि मुके असते ते सुखाने विकले जाते. बाजार अशा तऱ्हेने मौनाला बक्षीस देतो. रात्रीच्या अंधारात थडगी उकरणाऱ्याला या मौनाचा सर्वाधिक आधार असतो, कारण हात बदलले की त्याच्या फावड्याची खूण आपोआप पुसली जाते.

यावर संग्राहकांचे काही आक्षेप असतात, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा की नाणी म्हणजे मूर्ती नव्हेत. मूर्ती एकच असते, नाणी हजारोंनी पाडली जातात. एक नाणे खासगी कपाटात गेले म्हणून काय बिघडले? सुट्या नाण्यापुरते हे खरे आहे. पण नाण्याचा अर्थ त्याच्या बहुवचनात असतो, हे जोगळटेंभीने दाखवले. एखाद्या राणीची नाणी कोणत्या प्रदेशात सापडतात, कोणत्या गावापलीकडे सापडत नाहीत, रोमन नाण्यांच्या सोबतीने सापडतात की त्यांच्याशिवाय, यावरूनच त्या राज्याची बाजारपेठ आणि सीमा कळते. नाणी हजारोंनी पाडली गेली होती म्हणूनच हजार ठिकाणांची माहिती महत्त्वाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संग्रहालयांच्या तळघरांत पेट्याच्या पेट्या नोंदीविना पडून असतात. अभ्यास तर संग्राहकच करतात. यात तथ्य आहे आणि इतिहास त्याला पुरावा देतो. एदुआर्द बेअर या जर्मन अभ्यासकाने १८४० मध्ये सिनाईतल्या खडकांवरची ही लिपी उलगडली. ती लिपी नाण्यांवर ओळखून १८५८ मध्ये नबातियन राजांची नाणी म्हणून त्यांची ओळख पटवली ती ल्यूइनच्या ड्यूकने, आणि तो फ्रान्समधला एक श्रीमंत संग्राहक होता. त्याने ती नाणी आवडीने जमवली नसती तर हुल्दू आणि शकीलत कदाचित आणखी काही दशके अनामिक राहिल्या असत्या. पण त्याची गोष्ट इथे संपत नाही. १८६२ मध्ये त्याने आपला सुमारे सात हजार नाण्यांचा संग्रह फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकला. तो जमवणारा होता आणि वाचणाराही, आणि अखेर परत करणाराही. या तिन्ही गोष्टी मिळून संग्राहक होतो. पहिलीच जमली आणि पुढच्या दोन राहिल्या, तर तो साठेबाज.

तिसरा आक्षेप असा की कायदे कडक केले तर सामान्य माणूस सापडलेली वस्तू दडवेल किंवा वितळवेल. हेही खोटे नाही. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असे तो सांगतो. तरी नांगराला लागलेला हंडा ‘गुप्तधन’ म्हणून रातोरात मुशीत गेल्याच्या गोष्टी खेडोपाडी ऐकू येतात. भीतीने माणूस बोलत नाही, हे मान्यच आहे. पण मौन सोडवण्याचे मार्ग आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या निधी कायद्यापाठोपाठ १९९७ मध्ये एक नोंदणी योजना सुरू झाली. शेतात धातुशोधक फिरवणाऱ्या सामान्य लोकांनी सापडलेल्या वस्तू दाखवाव्यात, अभ्यासकांनी त्या नोंदवाव्यात, आणि निधीत न मोडणारी वस्तू पुष्कळदा सापडणाऱ्याकडेच राहावी, अशी तिची रीत. तिच्यात आता दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे. वस्तू कोणाची हा प्रश्न जरा बाजूला ठेवून ती कुठची हा प्रश्न आधी विचारला, म्हणून हे जमले. पश्चिम आशियात आणि आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, तीच योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. तरी तिच्या मुळाशी असलेला विचार उचलता येतो: आधी माहिती वाचवा, हक्काचा निवाडा मग करू.

मग नबातियन चांदीवर जीव असलेल्या माणसाने काय करावे? मी स्वतःसाठी काही नियम घालून घेतले आहेत, आणि कायद्याची भीती नसती तरी मी ते पाळले असते. ज्या नाण्याची वाट कागदोपत्री मागे नेता येत नाही ते घ्यायचे नाही, मग ते कितीही सुबक असो आणि भाव कितीही कमी असो. हातातून निसटलेल्या नाण्याची रुखरुख लागते. पण कोणा कमकमच्या थडग्यातून ते उकरले गेले असेल या शंकेची बोच त्याहून मोठी असते. जे नाणे घेतले त्याच्याबरोबर मिळालेली प्रत्येक चिठ्ठी, पावती, जुने पाकीट, जुन्या विक्रीचे सूचिपत्र जपून ठेवायचे. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांची परस्पर दिशा आणि छायाचित्र नोंदवायचे, आणि अभ्यासक मागतील तेव्हा ते त्यांच्या हाती ठेवायचे.

या शेवटच्या गोष्टीचे मोल बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. टांकसाळीतले साचे झिजत, तडकत आणि बदलले जात. राजाचा साचा आणि राणीचा साचा एकाच वेळी बदलत नसत. त्यामुळे एकाच राणीच्या साच्याची नाणी राजाच्या दोन वेगवेगळ्या साच्यांशी जुळलेली सापडतात. अशी साखळी जुळवत गेले की कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे, आणि त्या वर्षी टांकसाळ किती जोरात चालली होती याचा अंदाज येतो. या कामाला शेकडो नाणी लागतात, आणि ती एका संग्रहालयात कधीच नसतात. खासगी कपाटांतली नाणी अभ्यासासाठी खुली असली तर साखळी पुढे जाते. कपाटाला कुलूप असले तर ती तिथेच तुटते. कुठे सापडले हे हरवलेल्या नाण्याचीसुद्धा कधी हे पाडले गेले ही साक्ष अशी वाचवता येते. जे गेले ते गेले, पण जे उरले आहे ते आपल्या हातून जाऊ नये, एवढे संग्राहकाच्या हातात आहे.

आणि अखेर, आपल्यानंतर या नाण्यांचे काय, याचा निर्णय आपण हयात असताना करून ठेवायचा. वारसांना बहुधा फक्त बाजारभाव कळतो. नीट नोंद केलेला संग्रह एखाद्या संस्थेकडे अखंड गेला तर तो निधीसारखा एकत्र राहतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. जिथे जोगळटेंभीचा निधी सापडला त्या परिसरातच नाणी वाचायला शिकवणारी जागा उभी आहे, हे मला फार समाधानाचे वाटते. माझ्या मनातला आदर्श संग्राहक अशा जागेचा वाटसरू असतो. नाणी त्याच्याकडे मुक्कामाला येतात, त्याच्याकडून थोडी अधिक बोलकी होऊन पुढे जातात.

हे सगळे लिहिताना मन पुन्हा पुन्हा हेग्राच्या त्या दारापाशी जाते. शाप वाचताना पहिल्यांदा माझ्या नजरेतून एक शब्द सुटला होता. लेखात थडगे विकणारा आधी येतो आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून विकत घेणारा येतो. देह बाहेर काढणाऱ्याचा उल्लेख त्यानंतर. लेख रचणाऱ्याने घेणाऱ्याला निष्पाप मानलेले नाही. कोणी घेणार नसेल तर कोणी विकणार नाही, आणि विकले जाणार नसेल तर कोणी खणणार नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वी त्या वाळवंटातल्या मायलेकींना नीट कळले होते. त्या दंडाचा हजार सेलांचा आकडा आज वसूल करणारे कोणी नाही. लेखात ज्याचा शाप मागितला त्या दुशारा देवाचे पुजारी नाहीत आणि हारितत राजाही नाही. ती नाणी मात्र आपल्यासमोर आहेत, आणि ‘हे कुठून आले?’ असे विचारून, उत्तर मिळाले नाही तर हात मागे घेणारा प्रत्येक खरेदीदार त्या जुन्या कायद्याची आपल्यापुरती अंमलबजावणी करीत असतो.